मदत हवी आहे: टीडीसीएसचा स्पंज सरकतोय, इम्पीडन्स चढतोय, तोल मात्र आहे तिथेच

राजारामपुरी_फिजिओ:
पक्षाघाताला सहा महिने उलटून गेलेल्या, उभं राहताना तोल जाणाऱ्या रुग्णांसाठी सेंटरवर टीडीसीएस (डोक्याच्या कातडीवरून मेंदूला सौम्य वीजप्रवाह देणं) सुरू केलंय. न्यूरोफिजिशियनची लेखी परवानगी आहे. सध्याच्या दोन्ही आजींची डावी बाजू अशक्त आहे, म्हणून अ‍ॅनोड लहान मेंदूच्या डाव्या भागावर आणि कॅथोड डाव्या गालावर ठेवतो. स्पंज ५×५ सेंमी, प्रवाह २ मिलिअँपिअर, वेळ २० मिनिटं, रुग्ण खुर्चीत.

इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा रोध, सुरुवातीला ६ किलोओहम असतो, बाराव्या मिनिटाच्या सुमारास १५ वर जातो आणि यंत्र बंद पडतं. बंद पडताना डोळ्यांपुढे चमकतं. दोघींनाही मधूनच डावीकडे झुकल्यासारखं वाटतं. आणि दहा सेशन झाली तरी तोल मोजणारा बर्ग स्केल हललेला नाही. कुठे चुकतंय?

लहानमेंदू:
ताई, पहिल्या दोन अडचणींचं मूळ बहुतेक अंबाड्यात आहे. डोक्यामागचं हाडाचं टेंगूळ, म्हणजे इनियन, नेमकं अंबाड्याखाली येतं. तिथे स्पंज कातडीला टेकतच नाही, तेलकट केसांवर तरंगतो. आदल्या रात्री तेल लावू नका म्हणून सांगा. केस मोकळे करून इनियनच्या रेषेत आडवा भांग पाडा, वरचे केस प्लास्टिकच्या चापाने वर धरा. मग टेप लावून इनियनपासून डावीकडे ३ सेंमी मोजा, पेनने खूण करा आणि स्पंजचा मध्य त्या खुणेवर ठेवा. कातडी स्पिरिटने रगडू नका. खरचटलेल्या जागी प्रवाह एकवटतो आणि चट्टा उठतो.

स्पंज भिजवायला नॉर्मल सलाईनच घ्या, बोअरचं पाणी नको. ३५ चौरस सेंमीच्या स्पंजला एका बाजूला साधारण ६ मिली लागतं, म्हणजे तुमच्या स्पंजला चारेक मिली पुरे. दाबल्यावर ओल वर यावी, ओघळ येऊ नये. ओघळ मानेवर उतरला की प्रवाहही तिकडे पसरतो. पंखा थेट डोक्यावर असेल तर स्पंज लवकर सुकतो. दहाव्या मिनिटाला सिरिंजने दोन्ही स्पंजांच्या कडेने १-२ मिली सोडा.

१५ किलोओहमला २ मिलिअँपिअर द्यायचे तर ३० व्होल्ट लागतात. यंत्राची मर्यादा त्याच्या आत असली की ते हात टेकतं. चमकतं ते प्रवाह एकदम तुटल्यामुळे. परत सुरू करताना शून्यापासून ३० सेकंदांत हळूहळू चढवा.

झुकल्यासारखं वाटणं मात्र हलक्यात घेऊ नका. स्पंज कानामागच्या हाडाकडे सरकला की प्रवाह तोल सांभाळणाऱ्या नसेपर्यंत पोचतो आणि शरीर अ‍ॅनोडच्या बाजूला कलतं. गॅल्व्हॅनिक उत्तेजनात हेच मुद्दाम करतात, तुमच्याकडे ते चुकून होतंय. कपाळावरचा रबरी पट्टा मागच्या उतारावर वर चढतो. क्रेप बँडेजचे दोन वेढे द्या आणि पाच-पाच मिनिटांनी खूण तपासा.

आता बर्गबद्दल. खुर्चीत बसवून तोल सुधारेल ही अपेक्षाच सोडा. हा प्रवाह पेशींना नवीन काही शिकवत नाही, त्यांची तयारी थोडी कमी-जास्त करतो. शिकवायचं काम सरावाचं. पहिली तीन मिनिटं बसवून ठेवा, काही त्रास नाही ना बघा, मग पॅरलल बारमध्ये उभं करा: पाय जुळवून, मग फोमवर, मग हात लांब करून वस्तू उचलणं. यंत्र कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा, एक माणूस कायम मागे हवा. रोममध्ये जियाकोमो कोख यांच्या गटाने २०१९ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांचं चालणं आणि तोल सुधारल्याचं दाखवलं. तिथे लहान मेंदूवर चुंबकीय उत्तेजन होतं, पण तीन आठवडे फिजिओथेरपीही जोडीला होती. टीडीसीएसचे निकाल अजून एकसारखे येत नाहीत. घरच्यांना हे आधीच स्पष्ट सांगा.

मोजणी अनवाणीच करा. एकदा कोल्हापुरी चप्पल, एकदा मोजे असं झालं तर तुलना उरत नाही. शहाबादी फरशीवर फोम डुगडुगत नाही ना तेही बघा.

औषधपेटी:
गोळ्यांची यादी मागवा. कार्बामॅझेपिन घेणाऱ्यात अ‍ॅनोडचा परिणाम जवळजवळ पुसला जातो, फ्लुनारिझिनने कमी होतो. फ्लुनारिझिन आपल्याकडे चक्करेवर सर्रास दिलं जातं, आणि वयस्कांत त्यानेच पार्किन्सनसारखा ताठरपणा येऊन तोल बिघडू शकतो. परस्पर बंद करू नका, ज्यांनी लिहून दिलं त्या डॉक्टरांना विचारा. कूस बदलताना घर फिरत असेल तर आधी डिक्स-हॉलपाइक चाचणी (डोकं वळवून झटकन आडवं करून चक्कर येते का बघणं) करा. कानातले कण सरकलेले असतील तर एपली मॅन्युव्हर (डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण जागेवर आणणं) हवं, प्रवाह नव्हे.

रंकाळा_काठ:
वडिलांसाठी घरीच ९ व्होल्टच्या बॅटरीवर जमेल का? व्हिडिओत सोपं दिसतं.

लहानमेंदू:
नको, दादा. नुसती बॅटरी प्रवाह धरून ठेवत नाही. कातडी भिजून रोध ३ किलोओहमवर आला की तीच बॅटरी ३ मिलिअँपिअर सोडते. पेसमेकर, डोक्यात धातूची क्लिप, फिट्स, कवटीचं हाड काढलेलं, यातलं काही असेल तर यंत्र कितीही चांगलं असो, आम्ही लावत नाही. वडिलांना आधी न्यूरोफिजिशियनकडे न्या.

राजारामपुरी_फिजिओ:
एका आजींच्या फायलीत फ्लुनारिझिन सापडलं. आज डॉक्टरांना फोन करते. सोमवारपासून आडवा भांग आणि क्रेप. बर्ग पहिल्या दिवशी दोनदा घेऊ का?

लहानमेंदू:
हो, आणि पहिला धरू नका. चाचणीची ओळख झाल्यामुळेही गुण वाढतात.