गरोदरपणात डिप्रेशन आलं तर टीएमएस का नको?

रानजाई: पाचव्या महिन्यात बाळाच्या भीतीने मी माझी गोळी परस्पर बंद केली. सहाव्यात अंथरुणातून उठवेना. सासूबाई ताट घेऊन उभ्या असायच्या, मला घास गिळवत नसे. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करा नाहीतर समुपदेशन. टीएमएसचं नावही कोणी काढलं नाही. त्यात डोक्याला तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, टेकवून चुंबकीय स्पंद देतात, ते आत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर पोचतात. भूल नाही, वारेतून बाळाकडे जाईल असं औषध नाही. प्रौढांच्या डिप्रेशनसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, २००८ मध्येच परवानगी दिली. मग गरोदर बाईला किमान त्याबद्दल सांगाल तरी?

निशिगंध: मी मानसोपचार विभागात काम करते. सांगायलाच हवं. पण त्याला सुरक्षित म्हणायची घाई नको. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची चाचणी २०१९ मध्ये छापून आली, त्यात गरोदर बायका होत्या फक्त २२. खऱ्या कॉइलने ११ पैकी ९ जणींचा त्रास निम्म्याने तरी उतरला, तुलनेसाठी लावलेल्या, स्पंद न देणाऱ्या खोट्या कॉइलने उरलेल्या ११ पैकी ५ जणींचा. आणि तीन बाळंतपणं थोडी आधी झाली, तिन्ही खऱ्या कॉइलच्या गटात. योगायोगही असेल, पण २२ जणींवरून निर्धास्त कसं व्हायचं? सर्ट्रालिन या डिप्रेशनच्या गोळीचा अनुभव हजारो गरोदर बायकांचा आहे.

पाणकळा: माझं लक्ष त्या खोट्या कॉइलच्या पाच जणींकडे गेलं. रोज कोणीतरी बसवून घेतं, कसं वाटतंय विचारतं, त्यानेही फरक पडत असणार. आमच्या तालुक्यात मानसोपचाराचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. टीएमएससाठी आठवड्याला पाच दिवस असे चार आठवडे, सातव्या महिन्याचं पोट घेऊन एसटीने कोण जाणार? आधी ती विचारपूस तरी गावात आणा.

रानजाई: निशिगंधताई, आकडा लहान आहे, कबूल. पण तुम्ही तुलना गोळीशी करताय. जी गोळी घेणारच नाही, तिची तुलना कशाशी? मी सहा आठवडे काहीच घेत नव्हते. उपाशी, झोप नाही, मरणाचे विचार. ते बाळाला सुरक्षित होतं का?

निशिगंध: नव्हतं. तुमच्यासारख्या बाईला मीही टीएमएस सुचवीन. फक्त फिट येत असेल किंवा डोक्यात धातू बसवलेला असेल तर आधी सांगा. आणि उपचार घेताना सपाट पाठीवर निजू नका, पोटाच्या भाराने मोठी शीर दबते. उजव्या कुशीखाली उशी मागून घ्या.