शाळेत सस्पेन्शन झालंय, कॉलेजच्या अर्जात सांगायचं का?

प्रेषक: एक आई (विनंतीवरून नाव काढलं आहे, सचिव)

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या मेल-लिस्टवर ढोल-ताशाची प्रॅक्टिस आणि मोदकांच्या ऑर्डरी यांच्यामध्ये ही मेल विचित्र वाटेल, पण विचारायला दुसरी जागा सुचेना.

आमचा मुलगा इथे अमेरिकेत हायस्कूलला, यंदा सीनियर (बारावीत). गेल्या नोव्हेंबरात, ज्युनियर इयरला (अकरावीत), त्याने केमिस्ट्रीच्या क्विझचा फोटो काढला आणि दुपारच्या पिरियडच्या मुलांच्या ग्रुपवर टाकला. त्याची स्वतःची क्विझ देऊन झाली होती, म्हणजे त्याला त्यातून काहीच मिळायचं नव्हतं. मित्रांनी मागितला, यानं दिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन. तीन दिवस सस्पेन्शन आणि क्विझला शून्य. आम्ही कुणाला सांगितलं नाही. त्या तीन दिवसांत शेजारच्या काकूंना त्याला ताप आहे म्हणून सांगितलं, आणि त्या बिचाऱ्या मऊ भात घेऊन आल्या. पुण्याला माझ्या आईला अजून पत्ता नाही.

१ ऑगस्टला अनेक कॉलेजांचा एकच सामायिक ऑनलाइन अर्ज, म्हणजे कॉमन अ‍ॅप उघडलं. त्यात सस्पेन्शनबद्दल काही प्रश्नच नाही. हे म्हणतात, विचारलंच नाही तर आपण होऊन कशाला सांगायचं? पण यादीतल्या एका कॉलेजने स्वतःच्या प्रश्नांमध्ये विचारलंय. ते कॉलेजच यादीतून काढावं का? आणि शाळेची काउन्सेलर कॉलेजला पाठवायच्या पत्रात हे लिहील का? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा. लिस्टवर नको असेल तर सचिवांमार्फत लिहा.

---

प्रेषक: एडिसनचे काका

वहिनी, मुळीच सांगू नका. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असायचा. त्यात आख्ख्या वर्गाचं ‘चांगली’. मी नववीत कर्कटकाने बाकावर नाव कोरलं म्हणून हेडमास्तरांच्या छड्या खाल्ल्या, माझ्याही दाखल्यावर ‘चांगली’च आहे. पोरानं फोटो काढला, दरोडा घातला नाही. कुठे प्रश्न आला तर ‘नाही’वर टिक करून मोकळं व्हा. लाखभर अर्ज येतात, कोण तपासतंय?

---

प्रेषक: फिलाडेल्फियाजवळची एक मैत्रीण

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ‘नाही’वर टिक करा हा सल्ला या लिस्टवरच्या कुणीही घेऊ नये. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या मुलीला दहावीत असताना व्हेपसाठी (ई-सिगारेट) पाच दिवसांचं सस्पेन्शन झालं होतं. तिने २०२२ च्या हिवाळ्यात अर्ज केले. त्या वर्षी मी झोप सोडून हे सगळं वाचून काढलं होतं.

कॉमन अ‍ॅपमध्ये पूर्वी हा प्रश्न सगळ्यांनाच असायचा: नववीपासून पुढे शाळेने तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई केली आहे का? २०२१-२२ च्या अर्जांपासून त्यांनी तो सामायिक भागातून काढला. कारणही आकडे देऊन सांगितलं. या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याचं कृष्णवर्णीय मुलांमधलं प्रमाण गोऱ्या मुलांमधल्या प्रमाणाच्या दुपटीहून जास्त होतं. आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्के मुलं अर्ज सुरू करून शेवटी पाठवतच नव्हती, इतरांत हे प्रमाण १२ टक्के होतं. म्हणजे कॉलेजने नाकारायच्या आधी मुलं स्वतःच माघार घेत होती. ताई, तुम्ही ते कॉलेज यादीतून काढायचं म्हणताय ना, ते हेच.

मात्र सामायिक भागातून प्रश्न गेला म्हणजे सगळीकडून गेला असं नाही. कॉलेजला आपल्या स्वतंत्र प्रश्नांत तो विचारता येतो. एमआयटीसारख्यांचा तर अर्जच वेगळा असतो. म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा प्रश्न शब्दन् शब्द वाचा. कुणी फक्त सस्पेन्शन आणि शाळेतून काढून टाकणं याबद्दल विचारतं, कुणी ‘कोणतीही कारवाई’ म्हणतं, त्यात साधं डिटेन्शनही (शिक्षा म्हणून शाळेत थांबवून ठेवणं) येऊ शकतं. जेवढं विचारलंय तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं. जिथे विचारलेलंच नाही तिथे गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. तिथे तुमच्या ह्यांचं बरोबर आहे.

काका, कोण तपासतंय म्हणालात. अर्जाच्या शेवटी मुलगा सही करतो की लिहिलेलं सगळं खरं आहे, नसेल तर प्रवेश रद्द होऊ शकतो. काउन्सेलरची कागदपत्रं वेगळी जातात, वर्षाच्या मध्ये आणि शेवटी पुन्हा रिपोर्ट जातात. क्विझचा फोटो एका चुकीचा पुरावा आहे. त्यावर खोटी टिक ही दुसरी चूक, आणि ती सतरा-अठराव्या वर्षी, आईबाबांच्या सांगण्यावरून केलेली.

पहिलं काम म्हणजे काउन्सेलरची वेळ घ्या, शाळा पुन्हा सुरू होऊन गर्दी व्हायच्या आत. त्यांना थेट विचारा, कॉलेजने विचारलं तर शाळेचं धोरण काय आहे? काही शाळा सांगतात, काही नाही सांगत. ते उत्तर ईमेलवर लेखी मागा. मुलगा एक सांगतोय आणि शाळा दुसरंच, असं व्हायला नको.

दुसरं, मुलाची फाइल पाहायला मागा. १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या शालेय नोंदींबद्दलच्या कायद्याने पालकांना तो हक्क आहे, शाळेला ४५ दिवसांत ती दाखवावी लागते. मुलगा अठराचा झाला की हा हक्क त्याच्याकडे जातो, तेव्हा वाढदिवस जवळ असेल तर घाई करा. (केंद्राचा निधी न घेणाऱ्या खासगी शाळांना हे लागू नाही.) फाइलमध्ये काही चुकीचं असेल तर दुरुस्ती मागता येते. शिक्षा बरोबर होती की नाही यावर मात्र या कायद्याने भांडता येत नाही. शिक्षा देताना त्याला आरोप सांगून बोलू तरी दिलं होतं का, हेही आठवून पाहा. पब्लिक स्कूलमध्ये (इथल्या सरकारी शाळेत) दहा दिवसांच्या आतल्या सस्पेन्शनलाही ते बंधनकारक आहे, १९७५ पासून, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.

इथे कुणी वकिलाचं नाव सुचवायच्या आधी सांगते. मॅसॅच्युसेट्समध्ये हिंगहॅमला एका मुलाने इतिहासाच्या प्रोजेक्टमध्ये एआय वापरलं. अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे दाखले त्यात आले होते. शाळेने शिक्षा केली, कॉलेज-प्रवेश धोक्यात आला म्हणून पालक फेडरल कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी ग्रेड बदलायला लावण्यास नकार दिला. आणि त्या प्रोजेक्टची बातमी देशभर झाली. आधी ती शाळेच्या एका कपाटात होती.

आता लिहायचं काय. आमच्या मुलीचा पहिला मसुदा आठवला की अजून हसू येतं. ‘दुर्दैवी प्रसंगातून मला स्वतःची नव्याने ओळख झाली.’ अगं, व्हेप ओढलास ना? मग तसं लिही! शेवटी तिने काय केलं, कुठे, शिक्षा काय झाली आणि त्यानंतर ती काय वेगळं करते, एवढंच लिहिलं. दीडशेच्या आसपास शब्द. मुख्य निबंधात हा विषय आणू नका, ती जागा त्याच्या बाकीच्या आयुष्याची आहे. जास्तीची माहिती द्यायचा जो भाग असतो तो तेव्हा ६५० शब्दांचा होता, २०२५-२६ पासून ३०० चा केलाय. बरंच झालं, पालकांना पाल्हाळ लावायला वाव राहिला नाही. ‘मित्रांनी मागितला’ हे लिहू नका. खरं असलं तरी वाचणाऱ्याला ते दुसऱ्यावर ढकलल्यासारखं दिसतं.

एक कटू गोष्ट. परीक्षेतली लबाडी कॉलेजवाले व्हेपपेक्षा जड धरतात, कारण उद्या तो त्यांच्याच वर्गात परीक्षेला बसणार. मुलीला पहिल्या दोन पसंतींनी नकार दिला. व्हेपमुळे की तिथे बहुतेकांना नकारच मिळतो म्हणून, ते कधी कळणार नाही. तिसऱ्या पसंतीने घेतलं, तिथेही तिने ‘हो’ लिहिलं होतं.

---

प्रेषक: कॉलेजात असलेला एक मुलगा

काकू, माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, आई तपासून देते आहे.

मला अकरावीत निबंध कॉपी केल्याबद्दल दोन दिवस सस्पेन्शन होतं. बाबांनी माझ्यासाठी जे स्पष्टीकरण लिहिलं ते वकिलाच्या नोटिशीसारखं होतं. मी ते डिलीट केलं आणि आमचं मोठ्ठं भांडण झालं.

ज्या टीचरचा निबंध होता तिच्याकडेच मी रेकमेंडेशन मागायला गेलो. मला वाटलं की हे ऐकायला भारी वाटेल, सिनेमासारखं. ती नाही म्हणाली. म्हणाली, मला लिहायचं झालं तर ते पण लिहावं लागेल. मग मी मॅथच्या सरांना विचारलं, पण आधी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला माहीत होतं, टीचर्स लंच एकत्र खातात.

तुमच्या मेलमध्ये तुम्ही काय म्हणता, काका काय म्हणतात हे आहे. त्याला काय लिहायचंय ते नाहीये. आणि त्या तापाबद्दल. माझ्या घरी पण मला ‘ताप’ होता. सस्पेन्शनपेक्षा मला तेच जास्त लक्षात आहे, कारण घरात बसून मी ऐकत होतो.

---

प्रेषक: एडिसनचे काका

टिकचं मागे घेतो. पण छडी खाल्ली की विषय संपायचा, घरी जाऊन भाकरी खायची. इथे मारत नाहीत, कागद करतात, आणि कागद मरत नाही. हे सुधारलेलं जग म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

---

प्रेषक: सचिव

व्यक्तिगत उत्तरं बरीच आली, ती ताईंकडे पोचवली आहेत. ज्यांच्या मुलांचे प्रवेश झालेत त्यांनाही एक सांगतो. २०१७ मध्ये हार्वर्डने फेसबुकवरच्या एका ग्रुपमधल्या घाणेरड्या विनोदांवरून किमान दहा मुलांचे दिलेले प्रवेश परत घेतले होते. मुलांच्या ग्रुपकडे जूनपर्यंत लक्ष असू द्या. ढोलाची प्रॅक्टिस शनिवारी चारला, पार्किंग मागच्या बाजूला.

---

प्रेषक: एक आई

सगळ्यांचे आभार, विशेषतः त्या मुलाचे. त्याची मेल मी दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा ह्यांना वाचून दाखवली.

काउन्सेलरला भेटलो. शाळेचं धोरण असं की त्या आपण होऊन लिहीत नाहीत, कॉलेजने विचारलं तर खरं सांगतात. फाइल मागितली तर तीन दिवसांत मिळाली. तीन दिवसांचं सस्पेन्शन तिथे पाच दिवसांचं लागलं होतं. मधला शनिवार-रविवार कुणीतरी मोजला होता. दुरुस्तीचा अर्ज दिलाय. फाइलमधलं घटनेचं वर्णन मात्र बरोबर होतं, फोटोसकट. ते वाचताना मुलगा खिडकीबाहेर बघत बसला.

ते कॉलेज यादीत राहिलं. त्याने उत्तर लिहिलंय, १४० शब्द. मला दाखवत नाही, काउन्सेलरना दाखवलं. त्यांनी एक वाक्य काढायला सांगितलं, कुठलं ते तोही सांगत नाही. शेजारच्या काकूंकडे मात्र स्वतः गेला होता, मऊ भाताचा डबा परत द्यायला. नऊ महिने आमच्याकडे पडून होता. अर्ध्या तासाने आला. काय बोलला ते मी विचारलं नाही.

आणि हो, मोदकांच्या यादीत आमच्या नावापुढे २१ आहेत, ते ४१ करा, काकूंच्या घरचेही धरून. कुणाचे २१ चे ४१ झाले ते यादीत दिसेलच. दिसू दे.