मदत हवी आहे : डिमेन्शियात रोजचं बोलणं कसं तपासायचं?

आईला डिमेन्शिया आहे. एमएमएसई या स्मरण-आकलन तपासायच्या 30 गुणांच्या चाचणीत घड्याळ-पेन्सिल ओळखणं, वाक्य परत म्हणणं, कागदाची घडी घालणं यात ती बरी निघते. घरी मात्र फोनवर नुसतं ‘हो हो’ करते, निरोप तिथंच विरतो. उलट चष्म्याला ‘ते डोळ्यांचं दे’ म्हणून काम भागवते, त्याचे गुण कुठे धरायचे?

होल्डन कम्युनिकेशन स्केल (डिमेन्शियातला संवाद मोजायची गुणपट्टी) पाहिली. 12 बाबी, रोज सोबत असणाऱ्याने गुण द्यायचे. गुण जास्त म्हणजे अडचण जास्त (एमएमएसईच्या उलट, इथेच घोळ होतो). कुणी वापरली आहे का? चारचौघांत गप्प, एकट्याशी बोलकी, मग गुण कुठल्या प्रसंगाचे द्यायचे? ऐकू कमी येतं ते वेगळं कसं काढायचं? स्पीच थेरपिस्ट कुणी असतील तर प्लीज सांगा.