वजन हलत नाही. हृदयासाठी स्नायूंचा व्यायाम सुरू करावा का?

चाफा: वय ४८, उंची १६८ सेंमी, वजन ८८ किलो, कंबर १०४ सेंमी. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी) चालू आहे, दाब आटोक्यात. रोज अर्धा तास चालणं होतं. स्नायूंचे व्यायाम करावेत का? सुरुवात कशी करावी?

क्षितिज: डॉक्टरांना विचारून सुरू कराच. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात. स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त असेल तर इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, साखर आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) चढतात, आणि ते हृदयाला वाईट. म्हणून नुसतं उपाशी राहून वजन उतरवू नका, त्यात स्नायूही झिजतात.

आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान एक दिवस सोडून: खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, रबरी पट्टा छातीकडे ओढणं, टाचा उचलणं. प्रत्येकी १० ते १२ वेळा, दोन सेट, मध्ये एक-दीड मिनिट विश्रांती. सेट संपताना अजून दोन-तीन वेळा जमेल इतकी ताकद शिल्लक हवी. १५ सहज व्हायला लागले की खुर्ची बुटकी घ्या, पट्टा जाड घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे श्वास. जोर लावताना सोडायचा. कोंडून धरला की रक्तदाब एकदम उसळतो, आणि नवशिके नेमके इथेच चुकतात.

दीपमाळ: सहमत, पण चालणं सोडू नका, त्याचा वेग वाढवा. तीन मिनिटं भरभर, दोन मिनिटं सावकाश, अशा पाच फेऱ्या. बीटा ब्लॉकरमुळे नाडी दबलेली राहते, त्यामुळे नाडीची कमाल मर्यादा काढायचं ‘२२० वजा वय’ हे गणित तुम्हाला लागू नाही. भरभर चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढं पाहा. गोळी मनाने बंद करू नका. शेवटची पाच-दहा मिनिटं हळू चाला. एकदम थांबलं तर दाब घसरून चक्कर येते.

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, भोवळ: लगेच थांबा आणि तातडीची मदत बोलवा.

चाफा: धन्यवाद! स्नायू वाढले की नाही हे घरच्या, स्नायू-चरबीही दाखवणाऱ्या डिजिटल वजनकाट्यावर कळेल ना?

क्षितिज: त्यावर विसंबू नका. तो शरीरातून सौम्य वीज सोडून अंदाज बांधतो. पाणी कमी-जास्त प्यायलात तरी आकडा बदलतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा हात छातीशी बांधून ३० सेकंदांत खुर्चीतून किती उठबशा होतात ते मोजा, आणि कंबर. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे तुमच्यासाठी ८४ सेंमीच्या आत. काटा जागचा हलला नाही तरी उठबशा वाढून कंबर उतरत असेल, तर गाडी रुळावर आहे.