मदत हवी आहे: बॅलरॅटचं जुनं हॉटेल

खडीसाखर: मेलबर्नकर, जुनी कागदपत्रं कुठे शोधायची? नवरा इथलाच आहे. सोन्याच्या धामधुमीत सासूबाईंच्या खापरपणजोबांचं बॅलरॅटला हॉटेल होतं म्हणे. पुढच्या महिन्यात त्यांची पंचाहत्तरी, त्याआधी काहीतरी हाती लागायला हवं. नेटवर शोधलं की नुसतं रूम बुकिंग येतंय!

मुसाफिर: हॉटेलचं नाव? साल? आडनाव?

खडीसाखर: रॉयल की कायसं. साल सोन्याचंच की हो.

टिकोजी: मग लिडियार्ड स्ट्रीटवरचं क्रेग्ज रॉयल! थॉमस बाथने १८५३ ला काढलं, १८५७ ला वॉल्टर क्रेगने घेतलं. त्याचा घोडा निंबलफूट १८७० चा मेलबर्न कप जिंकला, पण क्रेग त्याआधीच गेला होता. म्हणे त्याला स्वप्न पडलेलं, घोडा जिंकतोय आणि जॉकीच्या दंडावर काळी फीत!

मुसाफिर: स्वप्नं नंतर सांगा हो. ताई, आडनाव?

खडीसाखर: स्मिथ.

मुसाफिर: कर्म माझं.

जीन्सवाली: सरळ डीएनए किट मागवा. मला तीन चुलतभाऊ सापडले.

मुसाफिर: डीएनएतून हॉटेलचा सातबारा निघत नाही. घरात काही कागद, फोटो?

खडीसाखर: एक फोटो आहे, लाकडी दर्शनी भाग, दारात एप्रनवाली बाई. मागे पेन्सिलीने 'मेन रोड'.

मुसाफिर: हे आधी नाही का सांगायचं! म्हणजे क्रेग्ज बाद. मेन रोड बॅलरॅट ईस्टला, आणि ती १९२१ पर्यंत वेगळी नगरपालिका होती. घरपट्टीच्या वह्या त्या नावाखाली पाहा. शिवाय हॉटेलचा परवाना ज्याच्या नावावर तो आणि इमारतीचा मालक एकच असेल असं नाही. खापरपणजोबा भाडेकरूही असू शकतात. 'ट्रोव्ह' या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर 'बॅलरॅट स्टार' हा जुना पेपर फुकट वाचता येतो, त्यात परवान्यांच्या बातम्या सापडतील. व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारी दप्तरखान्याच्या साइटवर जुनी मृत्युपत्रंही मिळतात.

टिकोजी: मेन रोडला आगी लागायच्या. कागद उरलेच नसतील.

मुसाफिर: हॉटेल जळतं, घरपट्टी नाही. ताई, पहिलं नाव आणि बायकोचं नाव टाका. नवरा गेल्यावर परवाना बायकोच्या नावावर व्हायचा, तिकडेही शोधा.

भूगर्भ: आमचे आजोबा कोलारच्या खाणीत होते. तिथली हॉटेलं कुणाला ठाऊक आहेत का?

पुणेकर_मेलबर्न: बॅलरॅटला जाताय तर स्वेटर न्या. सॉव्हरिन हिलला, म्हणजे सोन्याच्या काळातलं गाव उभारलेल्या तिथल्या खुल्या संग्रहालयाला, दुपारच्या आत पोचा.