अंथरुणाचा वास जात नाही, अँटीबॅक्टेरियल चादर घ्यावी का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी औशाची. सासूबाई दिवाळीपासून अंथरुणाला खिळून आहेत, लघवीवर ताबा राहिला नाही. रोज दोन-तीन चादरी निघतात. खाली वाकळच लागते, गादीवर झोप येत नाही म्हणतात. धुतलेली चादर नाकाला लावली तर काही नाही, पण अंगाची ऊब लागली की रात्री तोच उग्र दर्प. काल पाहुणे आले तर त्यांनी तोंड भिंतीकडे करून घेतलं. ते बघवलं नाही, म्हणून इथं विचारतेय.

नळाला आठ दिवसांनी पाणी, बाकी सगळं बोअरचं. ते इतकं जड की साबणाला फेसच धरत नाही.

दुकानदार जिवाणू रोखणारं चांदीचं फिनिश असलेली चादर दाखवतो, साधीच्या अडीचपट किंमत. किती धुण्यांपर्यंत टिकते? पाठीला व्रण आहेत, त्यांना चालेल का? शेजारच्या काकू ब्लीचिंग पावडर टाक म्हणतात.

प्रतिसाद:
ताई, आधी ब्लीचिंगचं सांगतो. लघवीच्या कपड्यांवर ते अजिबात टाकू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचा विषारी वायू होतो.

लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, तोच हा दर्प. चांदीमुळे जिवाणूंची वाढ मंदावते, पण मुरलेली लघवी काही निघत नाही. शिवाय दर धुण्याला थोडी चांदी पाण्याबरोबर जाते आणि तुमच्याकडे तर रोजचं धुणं. लेबलवर किती धुण्यांनंतरची चाचणी आहे ते लिहिलेलं नसेल तर पैसे घालू नका. व्रण उघडे असतील तर अशी चादर डॉक्टरांना विचारूनच.

त्यापेक्षा चादर निघाली की वाळू न देता साध्या पाण्यात खळबळून काढा. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो, तो धाग्यात बसून घाण धरून ठेवतो. म्हणून साबणाची वडी बंद करा; डिटर्जंट आणि थोडा धुण्याचा सोडा वापरा. पाणी हात घालवणार नाही इतकं कढत, काठीनं ढवळा. कंडिशनर नको, त्याचा थर बसतो. वाकळीचे थर आतून वाळायला दोन उन्हं लागतात, तेव्हा तिच्यावर मेणकापड घालून मग चादर अंथरा.

धागाकर्ती:
दादा, आभारी आहे. आजपासून वडी बंद. मेणकापडानं पाठीला घाम येऊन व्रण वाढतील का, एवढंच सांगा. मधे जाड सुती दुपटं घातलं तर चालेल?