बाबांची १९६८ ची फियाट ११००डी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे, जुन्याच नंबरवर

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न कागदांचा आहे, म्हणून सगळं नीट सांगते.

गाडी आमच्या बाबांची, १९६८ सालची फियाट ११००डी. बाबा जनावरांचे डॉक्टर. १९७९ मध्ये एका निवृत्त मामलेदारांकडून त्यांनी ती घेतली आणि पुढे कितीतरी वर्षं दुष्काळी भागातली गावं तिच्यावरच केली. मागच्या सीटवर औषधांची पेटी, डिकीत गमबूट आणि दोरखंड. अडलेल्या गाईसाठी रात्री-बेरात्री निरोप आला की स्टिअरिंगखालचा गिअर पडल्याचा आवाज घरात ऐकू यायचा. बाबा २०११ मध्ये गेले. तोपर्यंत गाडी पडवीत ताडपत्रीखाली गेली होती, ती तिथेच राहिली.

आता ती उभी केली आहे. तळाचा पत्रा पूर्ण कुजला होता, तो नवीन घातला. ब्रेक, किंगपिन, वायरिंग सगळं नव्याने केलं. इंजिनाचं काम उद्यमनगरात केलं. रंग मूळचाच ठेवला, मोतिया. गाडी आवारात सुरेख चालते.

आरसी बुक जपून ठेवलेलं आहे, बाबांचं नाव त्यावर चढलेलं आहे. शेवटचा नूतनीकरणाचा शिक्का २००४ चा, म्हणजे मुदत २००९ ला संपली. नंबर जुन्या पद्धतीचा, एमपासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि चार आकडे. मूळ नोंदणी घाटावरच्या दुसऱ्या एका जिल्ह्यातली. वाहन पोर्टलवर हा नंबर टाकला की अशी गाडीच नाही असं येतं. आमच्या इथल्या कार्यालयातल्या बाई समजुतीने बोलल्या. म्हणाल्या, नोंद संगणकावर नाही, आधी ती चढायला हवी, त्याशिवाय माझ्या हातात काही नाही. विमावाले म्हणतात आरसी चालू दाखवा. पीयूसीवाला नंबरपाटीचा फोटो काढून पोर्टलवर शोधतो आणि मान हलवतो.

आणखी एक गुंता. १९८६ च्या सुमारास मूळ इंजिनाचा ब्लॉक तडकला, तेव्हा बाबांनी प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन बसवून घेतलं. त्याची पावती आहे, पण आरसी बुकावर जुनाच इंजिन नंबर आहे.

एका एजंटाने सुचवलं की भंगारात गेलेल्या एका पद्मिनीचे कागद त्याच्याकडे आहेत, तिचा चासी नंबर माझ्या गाडीवर मारून देतो, महिन्याभरात काम होईल. मी नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याच्या नावावर चालणारी गाडी मला नको, हीच हवी आहे.

तर जुना नंबर राहू शकतो का? विंटेज म्हणून नोंदवावी की साधं नूतनीकरण करावं? आणि सुरुवात कुठून करू? आईला पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला याच गाडीतून न्यायचं आहे, ती दर पौर्णिमेला जाते.

ठाणेकर

ताई, आधी अभिनंदन. ११००डी अशी मूळ रंगात राखलेली हल्ली कमी दिसते.

माझं मत विंटेज करा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत ८१ए पासून पुढचे नियम घातले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. अर्ज परिवहन पोर्टलवर फॉर्म २० मध्ये, सोबत विमा आणि जुनं आरसी. मंजूर झालं की फॉर्म २३ए मिळतो, मुदत १० वर्षं. नव्याने नोंदणी असेल तर फी २०,००० रुपये, पुढच्या वेळी ५,०००. ज्यांच्या गाडीला नंबर नाही त्यांना व्हीए मालिकेतला मिळतो, पण आधीची नोंदणी असेल तर मूळ नंबर ठेवता येतो. दर ५ वर्षांनी खेटे घालायची कटकट संपते.

जुनी_चावी

ताई, ठाणेकरांनी नियम बरोबर सांगितले आहेत, पण तुमच्या शेवटच्या ओळीने उत्तर फिरतं. विंटेज नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि तिथवर जाणं-येणं, एवढीच मुभा. दर पौर्णिमेची वाडी त्यात बसत नाही. शिवाय त्या नियमात इंजिन, चासी, बॉडी यांत मोठा बदल नसावा अशी अट आहे. तुमचं इंजिन बदललेलं, तळाचा पत्रा नवा. विंटेज अर्ज तपासणारी राज्याची समिती काय म्हणेल ते त्या दिवशीच्या समितीवर. साधं नूतनीकरण करा आणि खुशाल चालवा. खासगी गाडीला वयाची सरसकट बंदी आपल्याकडे नाही.

मी एसटीच्या कार्यशाळेत लेखनिक होतो. निवृत्तीनंतर माझी १९६९ ची स्टँडर्ड हेराल्ड याच रस्त्याने काढली. तिचीही नोंद पोर्टलवर नव्हती. तेव्हा मला कळलेली मुख्य गोष्ट अशी की या कामात क्रम चुकला की प्रत्येक खिडकी तुम्हाला दुसऱ्या खिडकीकडे पाठवते, आणि प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं असतं. विमा, पीयूसी, नवी सुरक्षा पाटी, सगळ्यांना वाहन प्रणालीतली नोंद लागते. म्हणून आत्ता विमावाल्याशी भांडू नका.

पहिलं काम बॅकलॉग एंट्रीचं, म्हणजे जुनी हाती नोंद संगणकावर चढवण्याचं. मूळ नोंदणी ज्या कार्यालयात झाली तिथे जुनी रजिस्टरं असतात, मोठ्या आकाराची, हाताने लिहिलेली. तुमच्या नंबरच्या पानाचा प्रमाणित उतारा मागा. अर्ज लेखी करा आणि आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. तोंडी विचारलं तर ‘शोधतो’ एवढंच उत्तर येतं, आणि शोधणाऱ्यालाही त्या ढिगात कुठून सुरुवात करावी कळत नाही. पहिल्या नोंदणीचा महिना, पहिल्या मालकाचं नाव, तुमच्या वडिलांच्या नावावर गाडी चढल्याची तारीख असं सगळं अर्जात द्या, म्हणजे पान लवकर सापडतं. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी तो तक्रार म्हणून टाकला नव्हता. अर्ज आला की शोधायचं काम कुणाच्या तरी नावावर पडतं, एवढ्यासाठी टाकला.

उतारा मिळाला की नोंद चढवायला सांगा आणि चढवताना शेजारी उभं राहून वाचा. आरसी बुकातल्या हस्ताक्षरात ३ आणि ८, १ आणि ७ एकसारखे दिसतात. चासी नंबरातला एक आकडा चुकला तर पुढे पाटी मागवतानाही अडेल आणि दुरुस्तीला आणखी एक अर्ज.

आता नंबरचं. तुमची गाडी एका जिल्ह्यातून दुसऱ्यात आली आहे, राज्य तेच. नवीन नंबर घेण्याची सक्ती दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या गाडीला आहे, कलम ४७ मध्ये. तुमच्याकडे फक्त पत्ता बदलतो. म्हणून कुणी ‘एमएच मालिकेतला घ्या, सोपं पडेल’ म्हणालं तरी कबूल होऊ नका. वडिलांनी ज्या नंबरवर आयुष्य काढलं तो कायद्यानेच तुमचा राहतो. जुन्या कार्यालयाची ना हरकत मात्र मागतील, ती उताऱ्याच्या वेळीच मागून ठेवा.

त्यानंतर नाव. वडील हयात नाहीत, त्यामुळे फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. मग फॉर्म २५, नूतनीकरणाचा. काही ठिकाणी दोन्ही एकत्र घेतात, विचारून पाहा.

फीची तयारी ठेवा. मोटारीच्या नूतनीकरणाला एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये होते. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झाले. त्यावर पर्यावरण कर. आणि उशिराचा आकार, मोटारीला दरमहा ५०० रुपये. तुमची मुदत २००९ ला संपलेली. तो आकार कोणत्या महिन्यापासून धरला आहे ते भरण्याआधी लेखी मागा, कारण खरी मोठी रक्कम तिथेच आहे.

तपासणीला गाडी स्वतः चालवत नेऊ नका. मुदत संपलेली, विमा नाही. टोइंगच्या गाडीवर चढवून न्या.

आणि एक अत्यंत महत्त्वाचं. माझ्या हेराल्डला वेगळी चासी आहे, तुमच्या फियाटला नाही. तिची बॉडीच चासी असते. म्हणजे नंबर बॉडीच्या पत्र्यावरच कोरलेला. तो भाग रंगाखाली किंवा पुट्टीखाली गेला असेल तर थिनर आणि सुती कापडाने साफ करा. त्याच्यावर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका. घासलेला नंबर दिसला की मोटार वाहन निरीक्षकाला संशय घ्यावाच लागतो, आणि मग खरी गाडी खरी आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. पेन्सिलीने कागदावर छाप घेऊन बघा, सगळे आकडे उमटले पाहिजेत.

त्या एजंटाला तुम्ही नकार दिलात ते फार चांगलं केलंत. दुसऱ्या गाडीचा नंबर मारणं हा सरळ फौजदारी गुन्हा आहे. आणि गुन्ह्यापलीकडे, त्या दिवशी तुमच्या वडिलांची गाडी कागदोपत्री कायमची नाहीशी झाली असती.

उद्यमनगर_मिस्त्री

इंजिनाच्या नंबरचा एवढा धसका घेऊ नका. इटलीतल्या ११००डीला १२२१ सीसीचं इंजिन होतं, पण कुर्ल्याला प्रीमियरने बनवलेल्या आपल्या गाडीत १०८९ सीसीचंच राहिलं आणि पुढे पद्मिनीतही तेच. म्हणजे कंपनी तीच, क्षमता तीच, इंधन तेच. कलम ५२ खाली बदलाची नोंद करायला अर्ज द्या, पावती जोडा आणि इंजिन कधी, का बदललं याचं प्रतिज्ञापत्र करा. कुणी डिझेल बसवलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. नूतनीकरणाआधी हे करा, नाहीतर तपासणीत नंबर जुळणार नाही आणि फाइल परत येईल.

पीयूसीला एवढ्या जुन्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. हातच्या कार्बोरेटरवर सहज बसतं. इंजिन तापल्यावर न्या. चोक ओढलेला राहिला तर नापास. एअर फिल्टर नवा टाका. प्लगवर काजळी असेल तर मिश्रण घट्ट आहे, आधी ते सोडवा.

अजून एक, पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं येतं. तुमच्या गाडीतले जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम त्याने फुगतात आणि चिरतात. इथेनॉल सोसणारे पाइप टाकून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नका. पेट्रोलचा वास आला की लगेच बघा, एवढ्या मेहनतीनंतर आगीचा धोका नको.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी_चावी काका, तुमचं उत्तर छापून फाइलला लावलं आहे. आजच चासी नंबरची छाप घेतली. सगळे आकडे स्वच्छ उमटले. तळाचा पत्रा बदलताना मिस्त्रींनी तो भाग आपणहून सोडला होता.

विंटेज नको, हे आमचं ठरलं. बाबांनी ही गाडी कामाची म्हणून वापरली, शोभेची म्हणून नाही.

एकच अडचण राहिली. धाकटा भाऊ टोरांटोला आहे. त्याची संमती ईमेलवर चालेल का? सही स्कॅन करून पाठवायला तो तयार आहे.

जुनी_चावी

स्कॅनवर सहसा भागत नाही. त्याला टोरांटोतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात संमतीचं प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून मूळ कागद टपालाने पाठवायला सांगा. मजकुरात गाडीचा नंबर, चासी नंबर, जुना आणि नवा असे दोन्ही इंजिन नंबर आणि ‘माझ्या हिश्श्याबद्दल हरकत नाही’ असं स्पष्ट वाक्य हवं. फक्त ‘संमती आहे’ एवढं लिहिलं तर कशाला, असं विचारतात. आईचीही संमती लागेल, त्यांचं इथेच नोटरीकडे होईल. भावाचा कागद यायला वेळ लागतो, म्हणून ते आजच सुरू करा. रजिस्टरच्या उताऱ्याचं काम तोपर्यंत तिकडे चालू राहू द्या.

जुन्या कार्यालयात जाल तेव्हा मूळ आरसी बुक हातातून सोडू नका. दाखवा, प्रत द्या, पावतीशिवाय ठेवून येऊ नका.

कृष्णाकाठ

आजच भावाशी बोलते. उताऱ्याचा अर्ज सोमवारी देते, आवक शिक्का घेऊनच परतेन. बॅकलॉग एंट्री झाली की इथे लिहीन, म्हणजे पुढच्या कुणाला उपयोग होईल.